एलायझा परत येते का?

पुस्तकावरून किंवा नाटकावरून चित्रपट निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: मूळ कलाकृतीशी तो प्रामाणिक आहे का? चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरतानाच निकाल लागतो. ज्यानं पुस्तक वाचलेलं असतं तो नाक मुरडतो. ज्यानं वाचलेलं नसतं तो म्हणतो, ‘आम्हाला तर बुवा आवडला.’ पण प्रामाणिक म्हणजे नेमकं कुणाशी? लेखकाच्या शब्दांशी, त्याच्या हेतूशी, की ज्या गोष्टीवरून त्या लेखकानंच आपली गोष्ट घेतली त्या आणखी जुन्या गोष्टीशी?

या प्रश्नाचं उत्तर तात्त्विक चर्चेत शोधण्यापेक्षा एका गोष्टीचा प्रवास पाहावा असं मला वाटतं. ती फुलं विकणाऱ्या एका मुलीची गोष्ट आहे. मराठी माणूस तिला ‘ती फुलराणी’तली मंजुळा म्हणून ओळखतो. इंग्रजीत तिचं नाव एलायझा डूलिटल. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकातून ती आली, चित्रपटात गेली, तिथून संगीतिकेत आणि तिथून पुन्हा चित्रपटात. या सगळ्या प्रवासात भांडण झालं ते एकाच मुद्द्यावर. शेवटी एलायझा परत येते, की निघून जाते?

आता शॉसुद्धा ही गोष्ट शून्यातून घेऊन आले नव्हते. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी ओव्हिड यानं पिग्मॅलियनची कथा सांगितली आहे. सायप्रस बेटावरचा हा शिल्पकार हस्तिदंतातून एका स्त्रीची मूर्ती घडवतो आणि तिच्याच प्रेमात पडतो. तो व्हीनस देवीची प्रार्थना करतो, मूर्तीत प्राण येतो, दोघांचं लग्न होतं. घडवणाऱ्यालाच घडवलेली वस्तू मिळते. मूर्तीला हे लग्न मान्य आहे का, हे ओव्हिडच्या कथेत कुणी विचारत नाही.

शॉ यांनी १९१२ साली नाटक लिहिलं ते नेमकं हेच विचारण्यासाठी. त्यांचा शिल्पकार म्हणजे प्रोफेसर हेन्री हिगिन्स, उच्चारशास्त्राचा तज्ज्ञ. माणूस तोंड उघडतो त्या क्षणी तो लंडनच्या कुठल्या भागात वाढला हे सांगणारा. त्याचा दोस्त कर्नल पिकरिंग हिंदुस्थानातून आलेला, संस्कृतवर पुस्तक लिहिलेला. कॉव्हेंट गार्डनमध्ये पावसात आडोशाला उभी राहून फुलं विकणारी एलायझा या दोघांना भेटते. काही महिन्यांत या मुलीला सरदार घराण्यातली बाई म्हणून खपवून दाखवतो अशी हिगिन्स पैज मारतो आणि जिंकतोही. पण जिंकल्याच्या रात्री एलायझा विचारते, आता माझं काय? फुलं विकायला मी परत जाऊ शकत नाही, आणि तुमच्या समाजात मला जागा नाही.

नाटकाच्या शेवटच्या अंकात हिगिन्स तिला नेहमीच्या थाटात बाजारातून आणायच्या वस्तूंची यादी सांगतो. ती त्याला तुसडेपणानं उत्तर देऊन निघून जाते. तो मात्र ती ऐकणारच अशा खात्रीनं हसत राहतो. शॉ यांच्या मूळ नाटकाचा शेवट एवढाच. ओव्हिडनं लग्न लावलं होतं, शॉ यांनी दार उघडून दिलं.

हे नाटक पहिल्यांदा रंगभूमीवर आलं ते इंग्लंडमध्ये नाही, तर व्हिएन्नात, जर्मन भाषेत, १६ ऑक्टोबर १९१३ रोजी. म्हणजे इंग्रजी उच्चारांवरचं हे नाटक जगानं आधी अनुवादातच पाहिलं. लंडनचा प्रयोग झाला ११ एप्रिल १९१४ रोजी. हिगिन्स होते त्या काळचे बडे नट सर हर्बर्ट बीरबोम ट्री. एलायझाचं काम मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांनी केलं. नाटकातली एलायझा विशीच्या आतली, आणि बाई तेव्हा ४९ वर्षांच्या! पण नाटक धो धो चाललं. तिसऱ्या अंकात चहाच्या बैठकीत एलायझाच्या तोंडून एक शिवीवजा शब्द निघतो, त्यावर तर लंडनच्या वर्तमानपत्रांत गदारोळ उठला.

शॉ काही दिवसांनी, शंभराव्या प्रयोगाला, पुन्हा नाटक पाहायला गेले तेव्हा त्यांना धक्का बसला. शेवटचा संवाद संपल्यावर पडदा पडायच्या आत ट्री साहेब एलायझाच्या दिशेनं फुलं फेकत होते. संहितेतला एक शब्दही बदललेला नव्हता. पण त्या फुलांनी सगळ्या थिएटरला सांगून टाकलं की या दोघांचं जमलं. लेखक संतापला. ट्री यांनी कळवलं की माझ्या शेवटामुळे पैसा मिळतोय, तुम्ही आभार मानायला हवेत. शॉ यांचं उत्तर असं होतं की तुमचा शेवट भिकार आहे, तुम्हाला गोळी घालायला हवी.

इथं थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ. गोष्ट बदलायला शब्द बदलावे लागत नाहीत, ओंजळभर फुलं पुरतात. चित्रपटात तर नजर आहे, संगीत आहे, जवळून घेतलेला चेहरा आहे. तिथं हे किती सोपं असेल!

१९१६ साली शॉ यांनी नाटकाच्या छापील आवृत्तीला एक लांबलचक उत्तरकथा जोडली. एलायझाचं लग्न होतं ते तिच्यावर जीव टाकणाऱ्या साध्याभोळ्या फ्रेडीशी, दोघं फुलांचं दुकान काढतात, सुरुवातीला हिशेबात गडबडतात आणि हळूहळू जम बसवतात, असं त्यांनी तपशीलवार लिहिलं. हिगिन्सशी तिचं लग्न का होऊ शकत नाही याचीही कारणं दिली. पण नाटक बघणारा प्रेक्षक उत्तरकथा वाचत बसत नाही. तो पडदा पडेपर्यंत जे दिसलं तेच घरी घेऊन जातो.

मग चित्रपट आले. १९३५ साली जर्मनीत आणि १९३७ साली हॉलंडमध्ये ‘पिग्मॅलियन’वर चित्रपट निघाले. ते शॉ यांना मुळीच आवडले नाहीत. म्हणून १९३८ साली निर्माते गेब्रियल पास्कल यांनी इंग्लंडमध्ये चित्रपट काढला तेव्हा शॉ यांनी पटकथेत स्वतः हात घातला. दिग्दर्शक होते अँथनी अॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड. हॉवर्डच हिगिन्स झाले, वेंडी हिलर एलायझा.

या चित्रपटात एक महत्त्वाची भर पडली, आणि ती खुद्द शॉ यांनी लिहून दिलेली. मूळ नाटकात पैजेचा दिवस रंगमंचावर दिसतच नव्हता. चौथा अंक सुरू होतो तो सगळे थकूनभागून रात्री घरी येतात तिथून. शॉ यांना पार्टीत रस नव्हता, पार्टीनंतरच्या एलायझाच्या एकटेपणात होता. पण चित्रपटाचा प्रेक्षक झुंबरं, जिने आणि झगे बघायला मिळाले नाहीत तर तक्रार करणार. म्हणून वकिलातीतल्या मेजवानीचा प्रसंग आला. त्यात हिगिन्सचा एक जुना शिष्य ही मुलगी हंगेरीची राजकन्या आहे असा निर्वाळा देतो. पुढे शॉ यांनी हा प्रसंग १९४१ च्या नाटकाच्या आवृत्तीतही घेतला. म्हणजे चित्रपटानं पुस्तकातून घेतलं, तसंच पुस्तकानंही चित्रपटातून घेतलं!

शेवटासाठी शॉ यांनी एलायझा आणि फ्रेडीच्या दुकानाचं दृश्य लिहिलं होतं. निर्मात्यांनी पडद्यावर आणलं ते वेगळंच. हिगिन्स एकटा घरी येतो, ध्वनिमुद्रण यंत्रावर एलायझाचा जुना आवाज ऐकत बसतो. मागून खरी एलायझा येते. तो वळूनही न बघता विचारतो, माझ्या सपाता कुठं आहेत? आणि चित्रपट संपतो. चोवीस वर्षांपूर्वीची ट्री साहेबांची फुलं अशा रीतीनं पडद्यावर पक्की झाली. गंमत पाहा, याच चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉ यांना ऑस्कर मिळालं. साहित्याचं नोबेल (१९२५) आणि ऑस्कर असे दोन्ही सन्मान मिळवणारे ते पहिलेच लेखक.

शॉ जिवंत असेपर्यंत ‘पिग्मॅलियन’ची संगीतिका होणं शक्य नव्हतं. त्यांच्या ‘आर्म्स अँड द मॅन’वरून १९०८ साली ‘द चॉकलेट सोल्जर’ ही संगीतिका निघाली होती. त्या अनुभवानं ते इतके वैतागले की पुन्हा परवानगी देणार नाही हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. २ नोव्हेंबर १९५० रोजी शॉ वारले. त्यानंतर पास्कल यांनी हक्क मिळवले. रॉजर्स आणि हॅमरस्टाईन यांच्यासारख्या नामवंत जोडीनं प्रयत्न करून हात टेकले. अखेर अॅलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लोवे यांनी ते काम तडीला नेलं. १५ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘माय फेअर लेडी’चा पहिला प्रयोग झाला. रेक्स हॅरिसन हिगिन्स, आणि वीस वर्षांची ज्युली अँड्र्यूज एलायझा. एकूण २,७१७ प्रयोग झाले.

लर्नर यांनी शॉ यांचे संवाद फार जपून ठेवले. कित्येक पानं जशीच्या तशी आहेत. पण गाणी बसवायला त्यांनी मोकळ्या जागा शोधल्या. शॉ यांनी अंकांच्या मध्ये जे झाकून ठेवलं होतं, म्हणजे शिकवणी, सराव, मेजवानी, ते सगळं त्यांनी रंगमंचावर आणलं. चहाच्या बैठकीतला तो गाजलेला शब्द १९५६ पर्यंत बोथट झाला होता. म्हणून लर्नर यांनी एलायझाला अॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीला नेलं, आणि तिथं खानदानी मंडळींच्या घोळक्यात ती घोड्याच्या नावानं असं काही ओरडते की सगळे गार होतात. शब्द बदलला, पण १९१४ च्या प्रेक्षकाला बसलेला धक्का पुन्हा जिवंत झाला. मला विचाराल तर हे खरं इमान. तोच शब्द ठेवला असता तर शब्द राहिला असता आणि प्रसंग मेला असता.

शेवटाच्या बाबतीत मात्र लर्नर शॉ यांच्याकडे गेलेच नाहीत, ते १९३८ च्या चित्रपटाकडे गेले. तोच आवाज, त्याच सपाता. छापील संहितेच्या प्रस्तावनेत त्यांनी सरळ लिहिलं की शॉ यांची उत्तरकथा मी गाळली आहे. शॉ आणि परमेश्वर मला क्षमा करोत, पण त्यांचंच बरोबर होतं याची मला खात्री नाही.

१९६४ साली दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर यांनी ‘माय फेअर लेडी’ पडद्यावर आणला. नुसत्या हक्कांसाठी जॅक वॉर्नर यांनी ५५ लाख डॉलर मोजले होते. एवढी रक्कम दिल्यावर कोण बदल करणार? चित्रपट संगीतिकेशी कमालीचा प्रामाणिक आहे. गाणी तीच, क्रम बहुतेक तोच, हिगिन्स तोच आणि शेवटही तोच. बदलली ती एलायझा. ज्युली अँड्र्यूज तेव्हा पडद्यावर नवखी होती, म्हणून वॉर्नर यांनी ऑड्री हेपबर्न यांना घेतलं. आणि त्यांची बहुतेक गाणी गायली मार्नी निक्सन यांनी.

आपल्याला पार्श्वगायनाचं काही वाटत नाही. आपले नायक-नायिका पिढ्यान्‌पिढ्या उसन्या गळ्यानं गात आले. पण तिकडे यावर बरीच नाराजी झाली. या गोष्टीपुरती ती मला योग्य वाटते. कारण ही गोष्ट मुळात एका मुलीला स्वतःचा आवाज सापडण्याची आहे. रेक्स हॅरिसन यांनी हट्ट धरला की मी आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवणार नाही, आणि त्यांचं गाणं-बोलणं चित्रीकरणातच टिपलं गेलं. म्हणजे मास्तरांचा आवाज खरा आणि शिष्येचा दुसरीचा! चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली. ऑड्री यांना नामांकनही मिळालं नाही, आणि त्याच वर्षी ‘मेरी पॉपिन्स’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या त्या ज्युली अँड्र्यूज.

आता ही साखळी पाहा. १९६४ चा चित्रपट १९५६ च्या संगीतिकेशी प्रामाणिक. संगीतिकेचा शेवट १९३८ च्या चित्रपटाशी प्रामाणिक. त्या चित्रपटाचा शेवट १९१४ च्या ट्री साहेबांच्या फुलांशी प्रामाणिक. प्रत्येक जण आपल्या आधीच्याशी इमानी राहिला, आणि तरीही लेखकाची एलायझा जिथून निघून गेली होती तिथंच परत आली. इतकंच कशाला, दोन हजार वर्षांपूर्वीच्या ओव्हिडशी तर हे सगळे शॉ यांच्यापेक्षा जास्त प्रामाणिक ठरतात. म्हणून ‘मूळ’ कुठलं हे ठरवल्याशिवाय इमानाचा हिशेब लागत नाही.

आणि पैशाचं म्हणाल, तर ट्री साहेबांचं खरं ठरलं. ‘माय फेअर लेडी’च्या मानधनामुळे शॉ यांची मिळकत प्रचंड वाढली. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे ती ब्रिटिश म्युझियम, लंडनची नाट्यशिक्षण संस्था ‘राडा’ आणि आयर्लंडची नॅशनल गॅलरी यांच्यात वाटली गेली. शॉ यांना नको असलेल्या शेवटानं पुस्तकं, नट आणि चित्रं जगवली.

मग शेवट बदलला तर एवढं काय बिघडलं? इथं मला थोडं स्वतःविषयी बोलावं लागेल. माझ्या घरात दखनी बोलली जायची, गल्लीत आणि शाळेत मराठी. दखनी जिभेला ‘ण’ पटकन वळत नाही. शाळेत एक गुरुजी मला उभं करून ‘पाणी’ म्हणायला लावायचे आणि मी ‘पानी’ म्हटलं की वर्ग खदखदून हसायचा. आज कवितावाचन संपलं की लोक जवळ येऊन आपुलकीनं म्हणतात, ‘काय शुद्ध मराठी आहे हो तुमचं!’ बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण माझ्या शेजारी बसलेल्या जोशी-देशपांडे मंडळींना असं कुणी सांगत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. इतकी वर्षं होऊनही आम्ही या घरातले पाहुणेच का?

शॉ यांची एलायझा हेच सांगते. फुलवाली आणि सरदारीण यांच्यातला फरक त्या कशा वागतात यात नसतो, त्यांना कसं वागवलं जातं यात असतो, असं ती म्हणते. हिगिन्सनं तिला उच्चार शिकवले, पण पहिल्याच दिवशी तिला आदरानं ‘मिस डूलिटल’ म्हटलं ते पिकरिंगनं. तिचं खरं शिक्षण तिथं सुरू झालं. बी.ए.ला हे नाटक वाचताना मला वाटलं होतं, इंग्रजीत ‘यू’ एकच, म्हणून शॉ यांना ‘मिस’ घालावं लागलं. आपल्याकडे ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं की सगळं काम होतं. एवढा मोठा फरक आपण दोन अक्षरांत करतो, आणि किती जणांच्या बाबतीत करायचा राहून जातो!

म्हणून शेवट महत्त्वाचा. एलायझा परत येऊन सपाता शोधू लागली की गोष्टीचा अर्थ असा होतो की ज्यानं तुला भाषा दिली त्याची तू कायमची देणेकरी. ती निघून गेली तर अर्थ होतो की भाषा शिकवणारा भाषेचा मालक नसतो. या दोन अर्थांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ आणली. तिथं प्रश्न वर्गाइतकाच जातीचा आणि गावाचाही होतो, कारण आपल्याकडे ‘न’ आणि ‘ण’ यांच्यामध्ये सगळी समाजरचना उभी आहे. सतीश दुभाषी प्रोफेसर आणि भक्ती बर्वे मंजुळा. मास्तरांवर चिडलेल्या मंजुळेचं ते स्वगत आमच्या काळात दर स्नेहसंमेलनात कुणी ना कुणी मुलगी करायचीच. शॉ यांच्या नाटकात अशी जागाच नाही. तशा अर्थाचं गाणं संगीतिकेत आहे. पण महाराष्ट्रानं लक्षात ठेवली ती हीच जागा, मंजुळा स्वतःच्या, न सुधारलेल्या बोलीत कडाडते ती. गुजरातीत याच गोष्टीवरून ‘संतु रंगीली’ आलं, हिंदीत १९८० साली बासू चॅटर्जींचा ‘मनपसंद’ आला.

उर्दूत बेगम कुदसिया झैदी यांनी याच नाटकाचं रूपांतर केलं. त्याचं नाव ‘आज़र का ख़्वाब’. उर्दू कवितेत आज़र म्हणजे मूर्ती घडवणारा. कुराणात तो हजरत इब्राहिम यांचा बाप. ग्रीक पिग्मॅलियनला इतका चपखल शेजारी शोधणं म्हणजे रूपांतरकाराची खरी कमाई. आणि त्यात आणखी एक अर्थ दडलेला आहे. आज़र मूर्ती घडवतो, पण त्याच्याच घरातला मुलगा त्या मूर्तींपुढे वाकायला नकार देतो आणि घर सोडून निघतो. नाव परंपरेतून घेतलं आणि ते शॉ यांच्या शेवटाच्या जवळ जाऊन पोचलं.

२०१८ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये बार्टलेट शेर यांनी ‘माय फेअर लेडी’ पुन्हा रंगभूमीवर आणली. शेवटचा संवाद तोच ठेवला. हिगिन्स सपाता मागतो. एलायझा त्याच्या गालाला हात लावते आणि रंगमंचावरून उतरून प्रेक्षकांमधून चालत बाहेर पडते. ट्री साहेबांनी शब्द न बदलता तिला थांबवलं होतं. एकशे चार वर्षांनी दुसऱ्या एका दिग्दर्शकानं शब्द न बदलताच तिला जाऊ दिलं.

१९६४ चा चित्रपट पाहू नका असं मी म्हणणार नाही. तो देखणा आहे, गाणी गोड आहेत, आणि शॉ यांचे संवाद त्यात आजही चमकतात. फक्त पाहून झाल्यावर मूळ नाटकाचा पाचवा अंक मिळवून वाचा. वीस-पंचवीस पानांचं काम आहे. मग घरातल्या मुलींना विचारा, तुम्ही एलायझाच्या जागी असता तर परत आला असता का? उत्तर ऐकताना मात्र त्यांना मध्येच थांबवून उच्चार सुधारू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)